आकार तेवढा राहू दे

३ नोव्हेंबर

चिरंजीव खारूताई हिला मामाचे आशीर्वाद, पोचतील तितके.

पत्रास कारण की, मला गाजराविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे. अशी तक्रार कोणत्या खिडकीवर घेतात हे ठाऊक नाही. आपल्या घराण्यात वनस्पतींच्या पोटात शिरून आलेली तू एकटीच, तेव्हा ती तुझ्याकडे पाठवीत आहे.

तक्रार अशी. गाजर दिसायला प्रसन्न, अंगाने गुळगुळीत, चारचौघांत वागायला सज्जन. पण शिजवायला घ्यावं, तर आतला कणा काही केल्या सोडत नाही. आणखी शिजवावं, तर एकदम लोटांगण. हट्टी नाहीतर लाचार, याखेरीज तिसरा स्वभावच त्याला ठाऊक नाही. अशी माणसं मी कचेरीत पुष्कळ पाहिली, पण त्यांना बशीत वाढायची वेळ कधी आली नव्हती.

तू शाळेत होतीस तेव्हा आमचा शब्दकोश 'क' वर होता. आता 'ग' वर आहे. म्हणजे आम्ही नुसते बसलेलो नाही. मुद्रितं तपासताना परवा नेमकं गाजरच समोर आलं. संस्कृतात त्याला गृञ्जन म्हणतात म्हणावं, तर त्या शब्दाने लसूण घ्यायचा की गाजर, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. ज्याची ओळखसुद्धा नीट शिजलेली नाही, त्याच्याकडून मी मऊपणाची अपेक्षा करतो आहे.

आता विनंती. तुमच्या प्रयोगशाळेत बुरशीपासून काहीतरी काढता आणि त्याने झाडापाल्याच्या आतल्या भिंती सुटतात, असं तू मागे लिहिलं होतंस. ते पत्र मी तेव्हा अर्धवट वाचलं. आता पुन्हा काढून पूर्ण वाचलं. तर त्याने गाजर मऊ होईल का? अट एकच, आकार तेवढा राहू दे. डोळ्यांना गाजर आणि जिभेला लोणी. लगदा नको. लगद्याकडे पाहिलं की वाटतं, आपल्याआधीच कुणीतरी जेवून गेलं.

मामी ठीक. तिची पेन्सिल सापडत नाही, म्हणून खाली तिची नेहमीची ओळ नाही.

तुझा,
गाजराने गांजलेला मामा


११ नोव्हेंबर

मामा, नमस्कार.

पत्र चहाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसत बसले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, काय झालं? म्हटलं, मामाने गाजरावर फिर्याद केली आहे. ती म्हणाली, वकील दे.

वकील नाही, दंतवैद्य देते. दाढ किती दिवस दुखते आहे? खरं सांग. तू दातांच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवरून परत आलेला माणूस आहेस, हे मामीने मला फार पूर्वीच सांगून ठेवलंय.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. आमच्या बुरशीला आम्ही बाईसाहेब म्हणतो. ओल्या कोंड्यावर वाढते. आधी नुसतं धुकं दिसतं, काचेवर श्वास टाकावा तसं. मग ते धुकं पांढऱ्या मखमलीसारखं जाड होतं, आणि एका सकाळी त्यावर काळे ठिपके उमटतात, कुणीतरी काजळ झटकल्यासारखे. सकाळी आले की मी आधी तिला बघते, मग कोट चढवते.

तिला तोंड नाही. दात नाहीत, पोटही नाही. भूक लागली की ती आपलं एन्झाइम अंगाबाहेर सोडते. बाहेरच अन्न पचतं, त्याचा गोड रस होतो आणि तो ती अंगाने पिऊन घेते. आपण खातो आणि मग पचवतो. बाईसाहेब आधी पचवतात आणि मग खातात.

गाजरात लाखो बारीक खोल्या असतात, त्यांना पेशी म्हणतात. प्रत्येक खोलीला भिंत असते. ती विणलेली असते साखरेच्या लांबलांब धाग्यांनी. सेल्युलोजचे दोर, त्यांना आवळून धरणारे बारीक दोरे, आणि दोन खोल्यांच्या मध्ये पेक्टिनचा चिकट गिलावा. एन्झाइम ही वीण उसवतं, आणि प्रत्येक एन्झाइमला एकाच जातीची गाठ सोडवता येते. गाजर मऊ नक्की होईल. आकार राहील का, ते विचारून सांगते. आमच्या खाद्यविभागात फळांचे रस निवळ करायला हेच वापरतात, पण तिथे आकाराची फिकीर कुणालाच नसते.

मामीला म्हणावं, पेन्सिल नसेल तर पेन आहे. तिच्या ओळीशिवाय तुझं पत्र मला न वाढलेल्या ताटासारखं वाटतं.

तुझी,
खार


२० नोव्हेंबर

चिरंजीव खारूताईस,

आशीर्वाद मागच्याच पत्रातले चालव, ते अजून शिळे झाले नसावेत.

तुझ्या बाईसाहेब मला फार आवडल्या. आमच्या लहानपणीच्या गुरुजींची आठवण झाली. समोर लांबलचक समास आला की तो सोडवल्याशिवाय ते पाणी पीत नसत. एकेक पद वेगळं करून पाटावर मांडायचे, आणि आम्ही पोरं उपाशी बसायचो. तुझं एन्झाइम त्यांच्याच शाळेतलं दिसतं, फक्त त्याला छडी लागत नाही. त्याला मराठीत विकर म्हणतात. आमच्या कोशात तो शब्द अजून फार लांब आहे. तिथवर पोचू तेव्हा तू निवृत्त झालेली असशील.

दातांचं म्हणशील तर आहेत तसे आहेत. काही उभे आहेत, काही पदावरून उतरले आहेत. दंतवैद्याचं नाव पुन्हा काढू नकोस.

सूप वगैरे सुचवशील, म्हणून आधीच सांगतो. पातळ काही नको. पाणीसुद्धा ती पांढरी पूड घालून जड करावं लागतं, तेव्हा कुठे घोट सरळ उतरतो. मऊ हवं, पण एकसंध हवं, आणि बशीत ठेवल्यावर त्याला नाव घेऊन हाक मारता आली पाहिजे. हे गाजर, ही नासपती, हा बटाटा. मागणं मोठं आहे का?

पहाटे एक स्वप्न पडलं, तू सांगितलेल्या खोल्यांचं. मी गाजराच्या आत होतो. सगळीकडे नारिंगी उजेड, भिंती ओल्या आणि इतक्या पातळ, की पलीकडच्या खोलीतला उजेड अलीकडे झिरपत होता. दार कुठेच नव्हतं, तरी मी एका खोलीतून दुसरीत जात होतो. भिंतीला हात लावला की ती बाजूला व्हायची, आणि मी गेलो की मागे पुन्हा जुळायची. चालताना पावलांचा आवाज येत नव्हता. शेवटच्या खोलीत मामी खिडकीशी बसली होती, माझ्याकडे पाठ करून. ती भिंत काही बाजूला होईना. मी हाक मारली, तर आवाज निघाला नाही. मग जाग आली. बाहेर धुकं होतं आणि दूधवाला शीळ घालत चालला होता.

मामीची पेन्सिल सापडली, पण तिला टोक नाही.

तुझा मामा


२७ नोव्हेंबर

मामा,

दाढ दुखते म्हणून जगात कुणी पाणी घट्ट करून पीत नाही.

मी खाद्यविभागातल्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ज्याचं गिळणं बिघडलेलं असतं त्याला तसं पाणी देतात. पातळ पाणी घशात भरकन उतरतं आणि चुकून श्वासाच्या वाटेने जातं, म्हणून ते जड करून, हळू करून द्यायचं. मग त्यांनी मला विचारलं, कुणाचं गं? म्हटलं, तेच मामाला विचारायचं आहे.

मी तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. विनोद जरा जास्तच आहेत. "तुझा मामा जितका हसवतो, तितकं घरात काहीतरी बिनसलेलं असतं," हे मामीचं वाक्य आहे, माझं नाही. तुझी नोकरी सुटता सुटता राहिली होती, त्या वर्षी आपण किती हसलो होतो, आठवतंय?

आपल्या घरात फोन म्हणजे आजारपण नाहीतर चुकीचा नंबर, म्हणून मी सहसा करत नाही. तरी या आठवड्यात दोनदा केला. दोन्ही वेळा मामी आंघोळीला गेली होती. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी.

आणि टोक नसलेल्या पेन्सिलीने मामीला कधी अडवलंय? टोक नसेल तर ती कापडावर खूण करायचा खडू घेईल. तो नसेल तर सुईने कागदाला भोकं पाडून लिहील.

आता सरळ लिही.

खार


४ डिसेंबर

चि. खारूताई,

सरळ लिहितो. सवय नाही, कुठे चुकलं तर सांभाळून घे.

सप्टेंबर संपत आला होता. सकाळी ती चहा ओतत होती आणि मी नेहमीप्रमाणे बोलत होतो. किटली तिच्या हातातून सुटली नाही, फक्त हळूहळू कलत गेली, आणि कप भरून वाहायला लागला तरी ती ओततच राहिली. मी म्हटलं, "अगं, कप!" तिने माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलली. ते शब्द नव्हते.

मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गुठळी झाली होती, असं डॉक्टर म्हणाले. पाय वाचले, खोलीतल्या खोलीत चालते. समजतं सगळं. कोशातला विनोद वाचून दाखवला तर कंटाळतेसुद्धा, म्हणजे बुद्धी शाबूत आहे. गेलं ते बोलणं, उजवा हात आणि गिळणं.

गिळायला शिकवणाऱ्या एक बाई येतात. हसतमुख, घास दाबून बघायला हातात कायम एक काटाचमचा. त्यांनी सांगितलं, सगळं वाटून, गाळून, एकसारखं करून द्या. मी दिलं. तुझी मामी जन्मभर शिंप्याच्या दुकानात कापड बेतत आली. माणूस दारातून आत आला की त्याचे खांदे मापणारी बाई ती. तिच्यापुढे मी वाटीभर तपकिरी लगदा ठेवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि डाव्या हाताच्या एका बोटाने दूर सारला, एखादा चुकलेला बेत सारावा तसा. रोज सारते. घशाची ताकद थोडी थोडी परत येते आहे, बाई म्हणतात. पण वजन उतरत चाललं आहे. जानेवारीत डॉक्टर पुन्हा तोलणार. तोवर उतरणं थांबलं नाही, तर पोटात नळी घालावी लागेल. त्यांचं म्हणणं, नळी वाईट नसते. ते खोटं बोलत नसावेत. पण नळीचं नाव काढलं की ती डोळे मिटून घेते आणि मी खोलीतून निघून जाईपर्यंत उघडत नाही.

तुला का कळवलं नाही? दवाखान्यातून आल्यावर मी विचारलं, खारीला बोलावू का? तिने भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट दाखवलं, तोच पांढऱ्या कोटातला, आणि मान हलवली. तुझा प्रयोग अर्ध्यावर आहे हे तिला ठाऊक होतं.

आत्ताही येऊ नकोस. तू सुट्टी नसताना दारात उभी राहिलीस, तर ती समजेल की आपलं काही खरं नाही. ते जे आकार राखून मऊ करतं, ते मात्र असेल तर पाठव.

मामा


१३ डिसेंबर

प्रिय मामा,

रडून झालं. आता काम.

आकार राहतो. ताईंनी आणि मी मिळून करून पाहिलं. आमच्या मोठ्या बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी खाद्यविभागातली, लोकांच्या पोटात जाते तीच तपासलेली एन्झाइमची पूड दिली. सोबतच्या डबीत आहे; किती घालायची आणि किती वेळ ठेवायचं, ते आतल्या कागदावर लिहिलं आहे. फिकट पिवळी दिसेल, वासाला जरा कोंड्यासारखी. आधी गिळणं शिकवणाऱ्या बाईंना दाखव. त्यांनी होकार दिला तरच, आणि पहिला घास त्यांच्यासमोरच.

कृती अशी. गाजर आधी नेहमीसारखं शिजव. मग बर्फाच्या कप्प्यात ठेवून दगडासारखं गोठव. आत पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो आणि भिंतींना केसाएवढ्या चिरा पाडतो. मग पूड घातलेल्या पाण्यात ते वितळू दे. वितळताना गाजर ते पाणी चिरांतून आत ओढून घेतं. घाई केलीस तर बाहेरचं सालपट तेवढं गळेल आणि आतला कणा तसाच राहील. मग कोमट उबेत ठेव, हाताला सोसेल इतक्याच. उकळतं पाणी ओतू नकोस. सुरी टोचून न पाहता चमच्याच्या पाठीने दाबून बघ. शेवटी वाफेवर धर.

गाजर झालं तेव्हा ताईंनी ते बशीत ठेवलं. त्याच्या कडा, त्याच्या रेघा, देठाजवळची खळी, सगळं जागच्या जागी होतं. मी चमच्याने नुसतं टेकलं आणि ते विलग झालं, आवाज न करता. धुक्यातून चालताना धुकं बाजूला होतं ना, तसं. ताईंनी लगेच दुसरं गाजर गोठवायला ठेवलं.

शाळेतून मी तुमच्याकडे यायचे तेव्हा मामी गाजराच्या चकत्यांचे त्रिकोण, चौकोन, बाह्या, कॉलर बेतायची आणि बशीत अख्खा सदरा मांडायची. मी हात घातला की म्हणायची, "खारे, आधी बघ, मग खा." मला तेव्हा राग यायचा.

तू म्हणतोस म्हणून येत नाही. पण मामीला सांग, की मला कळलंय, आणि मी रागावलेली नाही. तुझ्यावर आहे, थोडी.

खार


२९ डिसेंबर

चिरंजीव खारूताई हिला, या खेपेला खास ताजे आशीर्वाद.

काटाचमचावाल्या बाईंनी डबी पाहिली, कागद वाचला, गाजर दाबलं, पुन्हा दाबलं आणि विचारलं, "हे केलं कुणी?" म्हटलं, भाचीने आणि एका बुरशीने. त्या म्हणाल्या, "दोघींना सांगा, छान झालंय."

मामीपुढे बशी ठेवली. अख्खं गाजर, मध्यम आकाराचं, शेंड्यासकट. तिने ते पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, आता बोट येणार आणि बशी सरकणार. बोट आलं, पण तिने ते गाजराच्या कडेवरून फिरवलं, शिवण तपासावी तसं. मग खुणेने चमचा मागितला. गिळताना हनुवटी खाली घ्यायची, हे बाईंनी शिकवलं आहे; तशी घेतली. गेलं. ठसका नाही. मी आणि बाई एकमेकांकडे असे पाहत होतो, की बाहेरच्याला वाटावं आम्हीच काहीतरी गिळलंय.

मग मला चेव आला. बटाटा जमला, बीट जमलं, आणि परवा रविवारी मी नासपतीला हात घातला. इथे माझ्या हातून एक घोटाळा झाला. त्याची जबाबदारी अर्धी तुझी.

तू लिहिलंस, "शेवटी वाफेवर धर." बाकी प्रत्येक पायरीला कारण दिलं होतंस, हिला दिलं नव्हतंस. मी समजलो, गरमागरम वाढायचं हा तुझा आपला शिष्टाचार. गाजर-बटाट्याला तो पाळला. पण मामीला नासपती गारच आवडते. तेव्हा वाफ गाळली आणि नासपती सरळ बशीत उभी केली. डौलदार, देठ वर, एका अंगाला जरा लाली. बाईसुद्धा मुद्दाम बघायला थांबल्या होत्या.

आता तुला माझी खोड ठाऊक आहे. पहिल्या घासाआधी त्या पदार्थाच्या नावाची कुळकथा सांगितल्याखेरीज मला जेवण सुरू करता येत नाही. तुमची दोघींची आमटी-भाजी त्यापायी किती वेळा गार झाली, त्याचा हिशेब वर होईल. गेले काही महिने मी ते बंद ठेवलं होतं. त्या दिवशी मात्र हुरूप होता. मी नासपतीवर सुरू झालो. शब्द कुठल्या वाटेने आला, वाटेत कुणाच्या घरी उतरला, कुणी त्याचं शेपूट कापलं.

मी दुसऱ्या मुक्कामाला होतो आणि नासपती बसली.

पडली असं म्हणत नाही मी. बसली. एखाद्या थोराड बाईने लांबलेल्या सभेत आधी एका पायावर भार द्यावा, मग दुसऱ्या, आणि शेवटी कुणाला न सांगता खाली टेकावं, तशी. देठ तेवढा शेवटपर्यंत सरळ होता. मग तोही नम्रपणे वाकला. माझं लक्ष नव्हतं, मी बोलत होतो. बाईंनी तोंडावर हात ठेवला. आणि मला एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं ठसका. पाहतो तर मामी हसत होती. अर्धा चेहरा हसत होता, दुसरा अर्धा मागून येत होता.

आणि मग ती बोलली. स्पष्ट, जुन्या सुरात, जणू मधले महिने कुणी कापून बाजूला ठेवले होते:

"अहो, किती बोलता!"

बाई म्हणतात, तोंडाला वळण पडलेली वाक्यं आधी परत येतात. हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल, विचार कर.

नंतर तिने ती बसलेली नासपती चमच्याने बाईंच्या नजरेखाली खाल्ली. लगदाच होता तो, पण त्याला नाव होतं, आणि तो आमच्यासमोर घडला होता.

खाली जी वाकडी रेघ दिसते ती शाईचा डाग नाही. डाव्या हाताने काढली आहे. तिचं म्हणणं, ती ओळ आहे.

तुझा मामा


७ जानेवारी

प्रिय मामा, प्रिय मामी,

रेघ कापून बाईसाहेबांच्या उबेच्या पेटीवर चिकटवली आहे. येणारा-जाणारा विचारतो, हा कसला आलेख? मी सांगते, वर चाललेला आहे.

वाफेचं कारण लिहायचं राहिलं, ती चूक पूर्ण माझी. एन्झाइमला थांबणं ठाऊक नसतं. गाठ दिसली की सोडवायची, ती सुटली की पुढची. वाफेच्या उष्णतेने त्याची घडी मोडते आणि काम संपतं. वाफ दिली नाहीस, तर तू बोलत असतोस आणि ते आपलं उसवत असतं. तुम्हा दोघांना समोरासमोर बसवलं तर आधी कोण थांबेल, यावर आमच्या खोलीत पैज लागली आहे. तुझ्या बाजूने कुणी नाही.

इथे सकाळी काचा धुक्याने पांढऱ्या असतात. आत बाईसाहेब पांढऱ्या. मधे मी. कधीकधी कळत नाही की धुकं कुठे संपतं आणि त्या कुठे सुरू होतात. मग मामीचं वाक्य आठवतं आणि मी एकटीच मोठ्याने म्हणते, अहो, किती बोलता.

तोलणं कधी आहे? मामी आता खाते ना नीट?

खार


२१ जानेवारी

चि. खारूताई,

हे पत्र कचेरीतून लिहितो आहे, म्हणून खाली रेघ नाही.

आधी बातमी. परवा डॉक्टरांनी तोललं. वजन उतरायचं थांबलं आहे, सुतभर वरच आहे. नळीचा विषय त्यांनी मिटवला, निदान उन्हाळ्यापर्यंत. मामीने आल्या आल्या कोट काढला आणि म्हणाली, "बरं झालं." आता रोज दोन-चार वाक्यं येतात. काल माझ्या सदऱ्याकडे पाहून म्हणाली, "खांदे उतरले." सदऱ्याचे की माझे, ते विचारलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं हलतात. गाजर, बीट, बटाटा चालू आहे. वाफ चुकवत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीवर सकाळी वाफ धरते, पलीकडचं झाड त्यात हळूहळू नाहीसं होतं आणि पुसलं की परत येतं. मला तो वेळ आवडायला लागला आहे.

तू विचारलंस, नीट खाते ना? या प्रश्नाला मी आधी चार ओळींचं एक गमतीदार उत्तर लिहिलं होतं. ते खोडलं. पान बदललं आहे, म्हणून तुला दिसणार नाही.

मी समोर बसलो की ती खाते. सगळं खाते. मी कचेरीत असतो तेव्हा शेजारच्या काकू तिच्याजवळ असतात. दुपारचं मीच करून, वाफवून, झाकून ठेवून येतो. संध्याकाळी झाकण उचलतो, तर गाजर तसंच असतं, शेंड्यासकट. काकू म्हणतात, "नको म्हणाली हो, भूक नाही म्हणाली." मग मी कोट न काढता समोर बसतो, आणि ती तेच गाजर संपवते.

खाताना बशीकडे बघत नाही. आधी तिने सगळं पाहिलं, शिवण तपासली, ते फक्त पहिल्या दिवशी. आता माझ्याकडे बघते. माझा चेहरा जरा सैल झाला की पुढचा तुकडा उचलते. मी दमून आलेला दिसलो त्या दिवशी तिने आणखी मागितलं. तू लहानपणी माझ्यापुढे वेडीवाकडी अक्षरं काढून धरायचीस आणि मी वा वा म्हणायचो. मला ती वा वा आठवते, आणि बशी पुढे ओढताना तिचा चेहरा माझ्या तेव्हाच्या चेहऱ्यासारखा असतो.

ऑक्टोबरात तिला सांगता येत नव्हतं, म्हणून मला विचारता येत नव्हतं. आता तिला सांगता येतं, आणि मी विचारत नाही. रोज सकाळी ठरवतो आणि रोज गाजराचं काहीतरी काढून बसतो.

तुझ्या पुडीने गाजर मऊ झालं, आकार राहिला, सगळं तू म्हणालीस तसं झालं. पण तिला खरंच भूक लागते, की ती माझं मन राखायला खाते, हे मला कळत नाही. मन राखायलाच खात असेल, तर तिच्या मनात जगायचं आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही. विचारलं तर ती खरं सांगेल. मला त्याची भीती वाटते.

तू ये. सुट्टी नसली तरी ये. तू विचार.

मामा